पान्याचं वाण

झाशी शहरातल्या मराठी महिला मंडळांच्या अध्यक्ष, चिटणीस आणि सर्व कार्यकर्त्या भगिनींना,



नवरात्राच्या कार्यक्रमपत्रिका सगळीकडे साधारण एकाच साच्यातल्या असतात. भोंडला, एखादी स्पर्धा, गाण्याची संध्याकाळ, खाद्यपदार्थांचे स्टॉल आणि एक दुपार ‘कार्यशाळे’ची. या शेवटच्या ओळीबद्दल हे पत्र आहे. माझी मागणी अशी की येत्या नवरात्रात झाशीतल्या मराठी मंडळांनी मिळून प्रेम नगरात स्त्रियांचा एक कलामहोत्सव भरवावा. तो मराठी-अमराठी सगळ्यांना खुला असावा. त्यात हाताच्या कामाच्या कार्यशाळांना मंचाइतकीच जागा आणि मंचाइतकाच पैसा मिळावा, आणि त्या कार्यशाळा घेणाऱ्या बायका प्रेम नगर-नगरा भागातच राहणाऱ्या असाव्यात. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. ती पाळली नाही तर बाकीचं केलं काय आणि न केलं काय, फारसा फरक पडणार नाही, असं माझं मत आहे. ते का, ते सविस्तर मांडतो; विरोधात जे बोललं जाईल त्याचीही दखल घेतो.

आधी जागेबद्दल. मराठी माणूस झाशीत दोन वेळा आला. पहिल्यांदा पेशव्यांचे सुभेदार आणि झाशीचे राज्यकर्ते नेवाळकर यांच्यासोबत: सरदार, कारकून, भिक्षुक, वैद्य. ती वस्ती किल्ल्याच्या आणि शहरकोटाच्या आसपासची. दुसऱ्यांदा तो रेल्वेबरोबर आला. झाशीचा रेल्वे कारखाना 1895चा. पुढे झाशीची लाइन ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या आणि स्वातंत्र्यानंतर मध्य रेल्वेच्या अमलाखाली होती, म्हणजे मुख्यालय मुंबईला. 2003मध्ये झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला, तोवर मुंबई-भुसावळकडची माणसं बदलीवर इकडे येत राहिली. नगरा आणि प्रेम नगर हा त्या कारखान्याच्या बाजूचा भाग. शहरातल्या मराठीपणाची आठवण काढताना आपण सहसा पहिल्या आगमनाबद्दल बोलतो, कारण त्यात राणी आहे, किल्ला आहे, गणेश मंदिर आहे. दुसरं आगमन कामगारांचं, फिटरांचं, गार्डांचं. त्याच्या आरत्या कुणी रचल्या नाहीत. पण हाताच्या कौशल्याची गोष्ट करायची असेल तर वॅगन दुरुस्त करणाऱ्या कारखान्याच्या सावलीतली वस्ती हीच योग्य जागा. तिथल्या घराघरांत पाना, पक्कड, टेस्टर ही अनोळखी हत्यारं नाहीत. फक्त ती बहुतेक घरांत पुरुषांच्या हातात असतात.

पहिल्या आगमनाच्या इतिहासातही एक गोष्ट आहे, जी पुतळ्यांमागे झाकली गेली. 1858च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेनं झाशीला वेढा घातला, तेव्हा शहरातल्या स्त्रिया तोफांच्या मोर्च्यांवर राबताना आणि दारूगोळा वाहून नेताना दिसल्याची नोंद खुद्द इंग्रजांनी करून ठेवली आहे. मोर्चा बांधणं, दारू कोरडी ठेवणं, गोळ्यांची ने-आण करणं ही जोशाची कामं आहेत तशीच हिकमतीचीही. ती कुणीतरी कुणालातरी दाखवली असणार, करून घेतली असणार. झाशी एकट्या राणीच्या शौर्याचा सोहळा दरवर्षी करते आणि करावाच. पण शेकडो अनाम बायकांनी ऐन वेळी शिकून घेतलेल्या कामाचा त्यात उल्लेखही नसतो. त्याच वेढ्याच्या दिवसांत शहरात असलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये राणीच्या वाड्यातल्या हळदीकुंकवाचं वर्णन आहे. हळदीकुंकू आणि तोफखाना एकाच शहरातल्या बायकांच्या वाट्याला आले होते. पहिल्याची परंपरा आपण जपली, दुसऱ्याची जपली नाही.

आता मुख्य मुद्दा. कार्यशाळा म्हणून आज जे चालतं त्याचं चित्र आपल्याला ठाऊक आहे. बाहेरून एक तज्ज्ञ बाई येतात. कधी केकवर आयसिंग, कधी रेझिनची तबकडी, कधी मेंदीचा नवा प्रकार. साहित्याचं पाकीट प्रत्येकीला तयार मिळतं, दोन तासांत प्रत्येकीच्या हातात एक वस्तू असते, फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळतं. त्या दुपारी कुणाचं काही वाईट होत नाही. प्रश्न पुढच्या मंगळवारी येतो, जेव्हा घरी पुन्हा करताना मिश्रण फाटतं किंवा दोरा तुटतो आणि विचारायला कुणी नसतं. तज्ज्ञ बाई ग्वाल्हेरला किंवा लखनौला परत गेलेल्या असतात. हातात उरते ती एक वस्तू आणि एक फोटो. दोन तासांत कौशल्य येत नाही, हे सगळ्यांना कळतं, म्हणूनच मंडळं अशा कार्यशाळा मनोरंजनात धरतात आणि त्यांना दुपारच्या जेवणानंतरची सुस्तीची वेळ देतात. माझं म्हणणं असं की दोन तास अपुरे आहेत हे खरं असलं तरी दोष तासांचा नाही. शिकवणारी जर दोन गल्ल्या पलीकडे राहत असेल, तर ते दोन तास ओळख होण्यापुरते पुष्कळ झाले. पुढचं शिक्षण तिच्या ओट्यावर होतं.

हे नुसतं अनुमान नाही. जीन लेव्ह या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी 1970च्या दशकात लायबेरियातल्या वाई आणि गोला शिंप्यांच्या दुकानांत उमेदवार कसे शिकतात याचा अभ्यास केला. एतिएन वेंगर यांच्यासोबत 1991मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे तो पुढे शिक्षणशास्त्रात गाजला. तिथे पोऱ्या पहिल्या दिवशी कापड बेतत नाही. तो सुरुवात शेवटापासून करतो: इस्त्री, काजं-बटणं, तुरपाई. मग शिलाई. बेतणं आणि कापणं सर्वांत शेवटी. या उलट्या क्रमाला कारण आहे. तयार कपडा हाताळता हाताळता त्याला कळतं की कोणता तुकडा कुठे जातो आणि चूक कुठे दिसते; शिवाय बटण चुकीचं लागलं तर ते उसवता येतं, कापड चुकीचं कापलं तर नुकसान भरून येत नाही. आपल्याकडच्या शिंप्याच्या किंवा सोनाराच्या दुकानातला पोऱ्याही काही वेगळ्या रीतीनं शिकला नसेल. यातून महोत्सवासाठी निघणारा धडा अगदी व्यावहारिक आहे. ब्लाउज शिकवायचा तर दोन तासांत बेतणं शिकवू नका. हुक-काज आणि गळ्याची पट्टी शिकवा. त्या दुपारी बाईला एक गोष्ट पक्की यावी आणि बाकीचं शिकायला कुणाकडे जायचं ते तिला कळावं.

आणि हे बुंदेलखंडात घडून गेलेलं आहे. 1989मध्ये केंद्र सरकारनं महिला समाख्या हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा उत्तर प्रदेशातल्या पहिल्या जिल्ह्यांत बांदा होता. त्या भागात पाण्याचं दुर्भिक्ष जुनंच. इंडिया मार्क टू जातीचे हातपंप, म्हणजे आपण ज्याला हापसा म्हणतो ते, गावोगाव बसवलेले होते आणि गावोगाव बंद पडलेले होते. सरकारी मिस्त्री येईपर्यंत आठवडे जायचे. तेव्हा खेड्यांतल्या बायकांना, त्यांत पुष्कळ दलित आणि कोल समाजातल्या, बहुतेक निरक्षर, हातपंप दुरुस्तीचं शिक्षण देण्यात आलं. बायकांना हे झेपणार नाही, अशी शंका तेव्हा सगळीकडून आली, आणि वरवर पाहता तिला आधारही होता. या हापशाचं सिलेंडर खोल जमिनीत असतं. त्यातला वायसर बदलायचा तर लोखंडी नळाचे तीन-तीन मीटरचे तुकडे एकामागून एक वर ओढून सुटे करावे लागतात. पण ते काम एकट्या पुरुषालाही झेपत नाही. क्लँप लावून, नळ धरून ठेवून, चौघांनी मिळून करायचं ते काम आहे, आणि चौघी मिळून काम करायची सवय बायकांना कुणी शिकवावी लागत नाही.

बांद्याच्या गोष्टीत पुढे जे झालं ते माझ्या मुद्द्याला जास्त उपयोगी आहे. मिस्त्री झालेल्या बायका त्याच गावच्या होत्या, त्यामुळे पंप पुन्हा बिघडला तर त्या तिथेच होत्या. शेजारणीनं पाहिलं, मदतीला हात लावला, तीही शिकली. मग दुरुस्तीची नोंद ठेवायची वेळ आली, कोणत्या पंपाला कोणता सुटा भाग लागला ते लिहायची गरज पडली, आणि त्या बायकांनी स्वतःहून लिहायला-वाचायला शिकवा अशी मागणी केली. साक्षरतेच्या वर्गांत बसायला एरवी बायांना ओढून आणावं लागतं. इथे पान्यानं पाटी मागितली. त्याच वातावरणातून ‘महिला डाकिया’ हे बायकांनी काढलेलं पत्रक निघालं आणि 2002मध्ये चित्रकूटच्या कर्वीतून ‘खबर लहरिया’ हे बुंदेली बोलीतलं, ग्रामीण स्त्रियांनी चालवलेलं वृत्तपत्र सुरू झालं. एका हत्याराच्या शिक्षणातून इतकं निघेल हे कुणी आधी सांगितलं नसतं, आणि दर वेळी निघेलच असंही मी म्हणत नाही. पण शिक्षण वस्तीतच राहिल्यामुळे ते निघायला अवसर मिळाला, एवढं मात्र नक्की.

आपल्या घरातली उदाहरणंही आहेतच. 1909मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तेव्हा शिवणाबरोबर तिथल्या बायकांना रुग्णसेवेचं शिक्षण देण्याचा आग्रह त्यांनी धरला. परक्याच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे तेव्हाच्या पांढरपेशा समाजाला मुळीच रुचणारं नव्हतं. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात तर छापखाना बायकांनी चालवला; त्यांनी भाषांतरित केलेलं मराठी बायबल तिथल्याच बायकांनी जुळवलं आणि छापलं. या दोघी रमाबाईंचं एकमेकींशी सगळ्या गोष्टींत पटलं नसेल. पण बाईला शिकवायचं ते चार आणे मिळवून देणारं आणि दुसरीला शिकवता येणारं हवं, हे दोघींच्या कामात सारखंच दिसतं. अर्थात त्या कायमच्या संस्था होत्या. त्यांच्याकडे वर्षं होती, महोत्सवाकडे तीन दिवस. तीन दिवसांत महोत्सवाला जे साधतं ते संस्थेला साधत नाही: आपल्याच गल्लीतली अमकी बाई काय जाणते हे चारचौघींसमोर जाहीर होतं. जिला आजवर ‘घरी शिवते’ एवढंच म्हटलं गेलं, ती माइकसमोर शिकवणारी म्हणून उभी राहते.

शिकवण्यासारखं प्रेम नगरच्या आसपास काय आहे, ते पाहू. उत्तर प्रदेश सरकारच्या 2018च्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत झाशीच्या नावावर सॉफ्ट टॉइज आहेत, कापडी-फरची मऊ खेळणी. कापड कापणं, उलटं शिवणं, पॉलिएस्टरचा भरणा समान ठासणं आणि डोळे असे टाचणं की लहान मुलाला ते ओढून काढता येणार नाहीत, हे सगळं टेबलावर बसून शिकण्याजोगं आहे, आणि लायबेरियाच्या शिंप्यांप्रमाणे इथेही डोळ्या-नाकापासून सुरुवात करावी. पण या धंद्यात शिवणाइतकंच एक कोरडं ज्ञान लागतं. 1 जानेवारी 2021पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचा शिक्का सक्तीचा झाला. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. ही नोंदणी कशी करायची, ओळखपत्र कुठून मिळतं, मजुरी धरून एका अस्वलाची किंमत किती निघते, ही दुपार जरा रुक्ष होईल, पण घेतलीच पाहिजे. त्याच्या जोडीला शिलाई मशीनची दुरुस्ती. झाशीत काय किंवा अकोल्यात काय, शिवणारी बाई टाका सुटला, बॉबिन केस झिजली, पट्टा घसरला की मशीन उचलून मिस्त्रीकडे नेते आणि तेवढे दिवस तिची मजुरी बुडते. त्यातले पुष्कळ बिघाड साफसफाई, तेल आणि दोऱ्याचा ताण यांचे असतात. मिक्सरचा कपलर बदलणं, इस्त्रीची वायर बदलणं, एमसीबी का पडतो ते समजून घेणं, हेही त्याच यादीत. आणि चितेरी. झाशीच्या जुन्या घरांच्या भिंतींवर लग्नाकार्यात काढली जाणारी ही चित्रकला आता थोड्याच हातांत राहिली आहे, आणि तिचे रंग, कुंचला, रेषेचा क्रम हे शिकवणारीच्या शेजारी बसूनच शिकता येतात.

यावर पहिला आक्षेप तुमच्यातल्याच रसिक भगिनी घेतील, आणि तो हलका नाही. कलामहोत्सव म्हणायचं आणि तिथे मिक्सर उघडून बसायचं? गाणं, नृत्य, चित्र यांना आधीच जागा कमी. त्यातली निम्मी पक्कडीला दिली तर कलेचं काय उरलं? मला वाटतं, कला आणि कारागिरी यांच्यात ही भिंत आपण उगाच घातली. बुंदेलखंडातल्या मुली याच नवरात्रात नौरता खेळतात. सुआटा नावाच्या दैत्याची मातीची आकृती भिंतीवर करतात, पुढ्यात रंगीत पुडीनं चौक काढतात. आपल्या मुली पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात. दोन्हींत गाणं आहे, चित्र आहे, माती कालवणं आहे आणि मोठीनं धाकटीला दाखवणंही आहे. त्यातून कला वेगळी काढून दाखवा म्हटलं तर कुणाला दाखवता येणार नाही. एकाच मांडवात भोंडला आणि नौरता झाला तर झाशीच्या मराठी मुलींना तो अनुभव नवा असेल, कदाचित शेजारणींनाही. शिवाय मंचाचीही हत्यारं असतात. अमेरिकेत मिशिगन राज्यात 1976पासून 2015पर्यंत दर उन्हाळ्यात स्त्रियांचा एक मोठा संगीत महोत्सव भरत असे. तिथे मंच बांधणं, विजेच्या तारा ओढणं, ध्वनियंत्रणा सांभाळणं ही कामं बायकाच करत आणि येणाऱ्या नव्या बायका ती तिथेच शिकत. आपल्या कार्यक्रमात माइकनं शिट्टी वाजवली की सगळ्या जणी ‘ए दादा, जरा बघ ना’ म्हणून मांडवाच्या कोपऱ्याकडे वळतात. त्या दादाच्या जागी एक ताई असली तर गाण्याचं काही बिघडणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो वस्तीतल्या बायकांकडूनच येईल: मी माझी विद्या शेजारणीला शिकवली तर उद्या माझंच गिऱ्हाईक तिच्याकडे जाईल. हे खरं आहे. कौशल्य वाटल्यानं वाढतं, असं सांगून तिचं समाधान करायला जाऊ नका. तिचं पोट त्यावर आहे आणि आपलं नाही. याचं उत्तर पैशातच द्यावं लागेल. संध्याकाळच्या गायिकेला जितकं मानधन, तितकंच दुपारच्या शिकवणारीला, आणि तेही शाल-श्रीफळाच्या रूपात नको, रोख किंवा खात्यात. ‘आपलीच तर आहे’ म्हणून वस्तीतल्या बाईकडून फुकट काम करून घेण्याची आपली सवय इथे मोडली पाहिजे. माण तालुक्यातल्या स्त्रियांच्या मुंबईत भरणाऱ्या माणदेशी महोत्सवात कारागीर बायकांच्या शेजारी बसून शहरी पाहुण्यांना काम करून पाहता येतं. त्यात कारागिराचा मान आहे आणि विक्रीही आहे, पण पाहुणे दहा मिनिटं चाक फिरवून घरी जातात, त्यामुळे तिथे स्पर्धेचा प्रश्नच उभा राहत नाही. प्रेम नगरात तो राहील. म्हणून निवडही विचारानं करावी. ज्या कामाला वस्तीत मागणी आहे आणि करणारी अपुरी आहे, जसं मशीनची दुरुस्ती, ते आधी घ्यावं. जिथे आधीच पाच जणी एकाच गिऱ्हाइकासाठी भाव पाडत आहेत, तिथे सहावी घडवण्यापेक्षा त्या पाचींना हिशोब आणि एकत्र खरेदी शिकवणारी दुपार जास्त उपयोगाची.

तिसरा आक्षेप: हे सगळं सरकार करतंच आहे. करतं, आणि काही ठिकाणी बरं करतं. सप्टेंबर 2023मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत, त्यांत शिंपी आहेत, खेळणी करणारे आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये भत्ता मिळतो आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत. पण ती योजना ज्याचा तो धंदा आधीपासून चालू आहे त्याच्यासाठी आहे. जिला अजून हातात पाना कसा धरायचा माहीत नाही, ती त्या दारापर्यंत पोचतच नाही. महोत्सवातली दुपार ही त्या दाराच्या अलीकडची पायरी आहे. उलट मांडवात एक टेबल फॉर्म भरून देण्याचं ठेवलं तर योजनेचाही फायदा होईल. आणि सरकार शिकणारीच्या दिवसाची किंमत 500 रुपये धरतं, तर शिकवणारीची काय धरायची, याचा हिशोब तुम्हीच करा.

चौथा आक्षेप धोक्याचा. विजेच्या कामात धोका आहे, याबद्दल वाद नाही. पण आज इस्त्रीची वायर घरात तशीच उघडी आहे आणि बाई तिच्याजवळ ओल्या हातांनी उभी आहे. न शिकवल्यानं धोका कमी होत नाही. अॅमस्टरडॅममध्ये 2009मध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरला, तेव्हापासून जगभर लोक जाणकाराच्या शेजारी बसून स्वतःची वस्तू स्वतः दुरुस्त करत आहेत. नियम साधे ठेवावेत: मुख्य जोडणीला हात लावायचा नाही, प्लग काढल्याशिवाय वस्तू उघडायची नाही, एका टेबलाशी चौघींपेक्षा जास्त नकोत. राहिला प्रश्न, हे शिकवणारी बाई वस्तीत सापडलीच नाही तर? मग कारखान्यातून निवृत्त झालेल्या एखाद्या जाणत्या काकांना विनंती करावी, पण महोत्सवात टेबलावर त्यांना बसवू नये. त्यांनी आधीचा महिनाभर दोन बायकांना शिकवावं आणि मांडवात त्या दोघींनी इतरांना. काका मागे खुर्ची टाकून बसले तर हरकत नाही, बोलायला मात्र विचारल्यावरच.

आणखी एक गोष्ट, जी मंडळांत उघडपणे बोलली जात नाही. हळदीकुंकवाला विधवा बाई येत नाही, किंवा आली तर मागे बसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे 2022मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. झाशीला तो आदेश लागू नाही, पण लाज तर लागू आहे. ज्या बाईला स्वतःच्या कमाईची सगळ्यात जास्त गरज आहे, तीच या मांडवाबाहेर राहणार असेल तर कौशल्याची भाषा आपण करूच नये. मिशिगनचा तो महोत्सवही शेवटी कुणाला आत घ्यायचं या प्रश्नावर अडकला. ट्रान्स स्त्रियांना बाहेर ठेवण्याच्या त्यांच्या धोरणावर वर्षानुवर्षं टीका झाली आणि माझ्या मते ती योग्य होती. तेव्हा पत्रिकेवर स्पष्ट छापा: सर्व स्त्रियांना आमंत्रण, कुंकू लावलेल्या आणि न लावलेल्या. वाण लुटायचंच असेल तर प्लास्टिकच्या डब्यांऐवजी दहा-अकराचा एक पाना किंवा एक टेस्टर लुटा. डब्यापेक्षा फार महाग पडणार नाही.

पैशाबद्दल थोडं. मांडव, ध्वनी आणि जेवण यांवर जो खर्च होतो त्याला हात न लावताही हे जमेल, असं मी म्हणणार नाही. काहीतरी कमी करावं लागेल. बाहेरच्या पाहुण्या कलाकाराचा प्रवासखर्च आणि निवास कमी झाला तर मला वाईट वाटणार नाही. जागेसाठी आणि पाण्या-विजेसाठी नगर निगमाकडे अर्ज करावा, आणि तो तुम्ही प्रेम नगरच्या रहिवासी बायकांसोबत मिळून करावा, त्यांच्या वतीनं नव्हे. त्या मोहल्ल्यात तुम्ही पाहुण्या आहात, यजमान त्या आहेत. हे पहिल्या बैठकीपासून जपलं तर पुढच्या पुष्कळ कटकटी टळतील.

सुरुवात यादीपासून करावी लागेल, आणि यादी घरोघर फिरूनच होईल. दारात जाऊन ‘तुम्हाला काय शिकायला आवडेल?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर केक आणि मेंदीच येतं, कारण तेच आजवर दिलं गेलं आहे. ‘या गल्लीत काय बिघडलं की बायका तुमच्याकडे येतात?’ असं विचारा. कुणी म्हणेल, मशीन. कुणी, मुलाच्या शाळेचा फॉर्म. कुणी, कुकरची शिट्टी. तीच तुमच्या शिक्षिकांची यादी. गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या सगळ्या जणी एकत्र असतातच. तेव्हा गल्ल्या वाटून घेतल्या तर अनंत चतुर्दशीपर्यंत ती तयार होईल. पितृपक्षात नवं काम काढायचं नाही, असं कुणी म्हणालं तर बुंदेलखंडातल्या मुली त्याच पंधरवड्यात काटेरी फांदी फुलांनी सजवून मामुलिया खेळतात, हे त्यांच्या कानावर घाला. त्या पंधरवड्यात शिकवणाऱ्या बायकांची एक तालीम घ्या, प्रत्येकीला तिचं मानधन किती आणि कोणत्या दिवशी मिळणार ते लेखी द्या, आणि घटस्थापनेच्या पत्रिकेत त्यांची नावं गायिकांच्या नावांइतक्याच मोठ्या टाइपात छापा. त्याच पत्रिकेच्या मागच्या बाजूला, महोत्सव संपल्यावर कोणती बाई कोणत्या वारी, किती वाजता, कुठल्या ओट्यावर शिकवायला बसेल ते छापलेलं असावं. अर्थात त्या त्या बाईला विचारूनच.



आपला,
एक मराठी वाचक